पलीकडच्या फर्मवेअरला हाक मारण्याआधी

नवा बोर्ड टेबलावर आहे, सिरियल केबल जोडली आहे. लिनक्स बूट होतं, लॉगिनची ओळ येते, आणि आपण सहज किती कोअर चालू आहेत ते पाहतो. चारांपैकी एकच. बूट लॉग वर सरकवला की मधेच एक ओळ सापडते: दुसरा सीपीयू वर आला नाही. आर्म प्रोसेसरवर काम करणाऱ्या पुष्कळांची सिक्युअर फर्मवेअरशी पहिली गाठ अशीच पडते. ६४-बिट आर्मवर दुसरा कोअर जागा करणं हे बहुतेक बोर्डांवर कर्नलच्या एकट्याच्या हातात नसतं. त्यासाठी त्याला स्वतःपेक्षा वरच्या अधिकाराच्या कोडकडे विनंती करावी लागते. ही विनंती कशी करायची, आधी काय विचारायचं आणि उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्यांना कर्नलमध्ये अशा एखाद्या सेवेसाठी कोड लिहायचा आहे त्यांच्यासाठी इथे मांडतो आहे. उदाहरण लिनक्स आणि आर्मचं घेतलं आहे, कारण तिथली व्यवस्था आता बऱ्यापैकी स्थिरावली आहे आणि सगळा कोड कुणालाही वाचता येतो.

थोडी पार्श्वभूमी. आर्मव्ही८मध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या आहेत: ईएल० वर आपले प्रोग्राम, ईएल१ वर कर्नल, ईएल२ वर हायपरव्हायझर आणि सगळ्यांच्या वर ईएल३, तिथे सिक्युअर मॉनिटर. शिवाय ट्रस्टझोनमुळे मेमरी आणि उपकरणं दोन जगांत वाटलेली असतात. नॉर्मल वर्ल्डमध्ये लिनक्स चालतं. सिक्युअर वर्ल्डमध्ये ऑप-टीसारखी छोटी ट्रस्टेड ओएस असते, तिच्याजवळ चाव्या आणि गुपितं असतात. या दोन जगांमधलं दार म्हणजे एसएमसी ही एक मशीन सूचना. कर्नल रजिस्टरांत काही आकडे भरतो, एसएमसी चालवतो, ताबा ईएल३ कडे जातो, आणि परत येतो तेव्हा त्याच रजिस्टरांत उत्तर असतं. यंत्रणा एवढीच आहे. अवघड आहे ते दोन्ही बाजूंनी आकड्यांचा अर्थ एकच धरणं.

३२-बिट आर्मच्या काळात तो अर्थ प्रत्येक चिप कंपनी आपापला ठरवत असे. सॅमसंगच्या एक्झिनॉससाठी वेगळे आकडे, टीआयच्या ओमॅपसाठी वेगळे. कर्नलच्या झाडात प्रत्येक चिपसाठी एक छोटी डिरेक्टरी, आणि तिच्यात दुसरा कोअर जागा करायचा तिचा स्वतःचा मंत्र. ६४-बिट पोर्ट आला तेव्हा देखभाल करणाऱ्यांनी या प्रकाराला दार बंद केलं. डिव्हाइस ट्रीमधून कोअर चालू करण्याच्या दोनच पद्धती मान्य झाल्या: पीएससीआय, म्हणजे कोअर चालू-बंद करण्याचा आर्मचा प्रमाण करार, किंवा स्पिन-टेबल. तेव्हा हा हट्ट अनेकांना जाचक वाटला असेल. पण आज एकच कर्नल इमेज शेकडो बोर्डांवर चालते त्यामागे या हट्टाचा मोठा वाटा आहे असं मी मानतो.

आकड्यांचा सामायिक अर्थ ठरवणारा दस्तऐवज म्हणजे आर्मचं एसएमसी कॉलिंग कन्व्हेन्शन. प्रत्येक कॉलला ३२ बिटांचा एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकातच पुष्कळ माहिती भरलेली असते. ३१वा बिट सांगतो की कॉल झटपट संपणारा आहे की मधेच थांबू शकणारा. ३०वा बिट सांगतो की रजिस्टरं ३२-बिट वाचायची की ६४-बिट. २९ ते २४ हे बिट मालक सांगतात: शून्य म्हणजे आर्मची स्थापत्यसेवा, २ म्हणजे चिप बनवणारा, ४ म्हणजे पीएससीआयसारख्या प्रमाण सेवा, ५० ते ६३ म्हणजे ट्रस्टेड ओएस. खालचे १६ बिट हा त्या मालकाच्या यादीतला अनुक्रमांक. एकदा हे डोक्यात बसलं की क्रमांक नुसता पाहून कळतं. पीएससीआयची आवृत्ती विचारणारा कॉल सोळाआधारी पद्धतीत ८४०००००० आहे, कोअर चालू करणारा ८४०००००३. एखाद्या विक्रेत्याच्या जुन्या कोडमध्ये या सांगाड्यात न बसणारा क्रमांक दिसला तर तिथेच थांबून चौकशी करावी.

आता पहिलं काम: विचारणं. कर्नलने कधीही अंदाजाने कॉल करू नये. पलीकडे कोणतं फर्मवेअर आहे, ते किती जुनं आहे, हे बूट होईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. कर्नल दर काही आठवड्यांनी पुढे जातो, पण बोर्डावरचं फर्मवेअर कारखान्यात भरलं ते अनेकदा शेवटपर्यंत तेच राहतं.

विचारण्याची साखळी ठरलेली आहे. सुरुवात होते डिव्हाइस ट्रीपासून, कारण एक गोष्ट कॉल करून विचारताच येत नाही: कॉल करायचा तो कोणत्या सूचनेने. थेट हार्डवेअरवर चालणारा कर्नल एसएमसी वापरतो. व्हर्च्युअल मशीनमधला कर्नल बहुधा एचव्हीसी वापरतो, कारण त्याला उत्तर देणारा हायपरव्हायझर असतो. ईएल३ नसलेल्या प्रोसेसरवर कर्नलने एसएमसी चालवली तर ती अवैध सूचना ठरते. म्हणून डिव्हाइस ट्रीमधल्या पीएससीआयच्या नोडमध्ये पद्धत स्पष्ट लिहिलेली असते. एसीपीआय असलेल्या सर्व्हरवर हीच माहिती एफएडीटी या तक्त्यातल्या दोन बिटांत मिळते. तुमच्या ड्रायव्हरमध्ये एसएमसी पक्की ठोकू नका. कर्नलने बूट होताना ठरवलेली वाट विचारणारं फंक्शन तयार आहे, आणि वाट स्वतः निवडून कॉल करणारा मदतनीसही आहे. तोच वापरा.

वाट कळली की पीएससीआयची आवृत्ती विचारायची. ती १.० किंवा पुढची असेल तर 'ही सेवा तुझ्याकडे आहे का' असं विचारणारा कॉल उपलब्ध असतो. त्यातून कॉलिंग कन्व्हेन्शनची आवृत्ती विचारता येते का हे पाहायचं, आणि होकार आला तरच ती विचारायची. हे आडवळण वाटेल, पण त्याला कारण आहे. कन्व्हेन्शनच्या १.० आवृत्तीच्या काळातल्या फर्मवेअरला आवृत्ती विचारणारा कॉल माहीतच नसेल, आणि अनोळखी क्रमांकावर ते शहाण्यासारखं वागेल याची खात्री नाही. लिनक्समध्ये ही साखळी पीएससीआयच्या ड्रायव्हरमध्ये लिहिलेली आहे. एकदा सावकाश वाचा, जेमतेम अर्धं पान आहे. बूट लॉगमध्ये तिचा माग दिसतो: वाट कुठून कळली, पीएससीआयची कोणती आवृत्ती सापडली, ट्रस्टेड ओएस एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवावी लागते का, आणि शेवटी कॉलिंग कन्व्हेन्शनची आवृत्ती. नव्या बोर्डावर बसलात की सगळ्यात आधी या चार-पाच ओळी वाचायची सवय लावून घ्या. सुरुवातीच्या एका कोअरच्या गोष्टीत बहुधा इथेच उत्तर सापडतं: पीएससीआयचा नोडच नाही, किंवा सीपीयूच्या नोडमध्ये चालू करण्याची पद्धत लिहायची राहून गेली आहे.

नवी सेवा जोडतानाही हाच शिरस्ता. समजा, तुम्हाला फर्मवेअरकडून यादृच्छिक बिट्स घ्यायचे आहेत. आर्मची यासाठी प्रमाण सेवा आहे. आधी तिची आवृत्ती विचारा. १.० पेक्षा कमी किंवा नकार आला तर ड्रायव्हरने गप्प बाजूला व्हावं. होकार आला तर एका ६४-बिट कॉलमध्ये जास्तीत जास्त १९२ बिट्स तीन रजिस्टरांत मिळतात. पण एक उत्तर असंही येतं की 'सध्या माझ्याकडे पुरेशी एन्ट्रॉपी नाही'. हा नकार नाही, थोड्या वेळाने ये असा निरोप आहे. फर्मवेअरच्या प्रत्येक ऋण उत्तराला एकच 'चूक' मानणारा कोड इथे फसतो. कोणतं उत्तर म्हणजे कायमचं नाही, कोणतं म्हणजे पुन्हा विचार, आणि कोणतं म्हणजे तुझेच आकडे चुकले, हे कॉलागणिक कागदावर लिहून मगच कोड लिहावा.

उत्तर वाचण्यातली एक चूक मी स्वतः केली आहे आणि तिने माझे दोन दिवस खाल्ले. एका बोर्डावर माझ्या ड्रायव्हरला वाटत होतं की फर्मवेअरमध्ये एक सेवा आहे, आणि प्रत्यक्षात ती नव्हती. फर्मवेअर इमानाने उणे एक परत देत होतं. पण कॉल ३२-बिट होता, उत्तर रजिस्टरच्या खालच्या अर्ध्यात होतं, आणि वरचा अर्धा शून्य होता. मी ते पूर्ण ६४-बिट संख्या म्हणून वाचत होतो, त्यामुळे उणे एकच्या जागी चार अब्जांच्या वरची एक धन संख्या दिसत होती. 'शून्यापेक्षा कमी आहे का' या प्रश्नाचं उत्तर अर्थातच 'नाही'. कर्नलमधल्या जुन्या कोडमध्ये अशा ठिकाणी उत्तर आधी साध्या इंटमध्ये बदलून मग तपासलेलं दिसतं. ते बदलणं मी अनेकदा वाचलं होतं आणि शोभेचं समजून सोडून दिलं होतं. ते शोभेचं नाही.

रजिस्टरांबद्दल आणखी एक. कॉल करण्यासाठी स्वतःचा असेम्ब्ली तुकडा लिहिण्याचा मोह आवरा. कन्व्हेन्शनच्या १.० आवृत्तीत पलीकडचा कोड एक्स४ ते एक्स१७ ही चौदा रजिस्टरं बिघडवू शकतो, आणि बोलावणाऱ्याने तशी तयारी ठेवायची असते. १.१ मध्ये ती जपण्याची जबाबदारी फर्मवेअरवर गेली. हा बदल का झाला ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर जगासमोर आलं. त्याच्या दुसऱ्या प्रकारापासून वाचायला काही आर्म कोअरवर शाखा-अंदाजाची यंत्रणा पुसावी लागत होती, आणि ते काम फर्मवेअरच करू शकत होतं. कर्नलजवळ त्यासाठी ठरलेला कॉलच नव्हता. मग पहिल्या पॅचांमध्ये पीएससीआयची आवृत्ती विचारणारा कॉल वापरला गेला. उत्तर नकोच होतं, ईएल३ मध्ये शिरताना फर्मवेअर ती यंत्रणा पुसून टाकी, तेवढंच हवं होतं. हे काम प्रक्रिया बदलताना, म्हणजे अतिशय वारंवार करायचं, आणि दर खेपेला चौदा रजिस्टरं वाचवत बसायची. म्हणून घाईने १.१ आवृत्ती आली. तिच्यात या कामासाठी वेगळा क्रमांक ठरला, आणि आहे का हे आधी विचारण्याची सोयही. लिनक्स ४.१६ मध्ये ते सगळं पोचलं. ज्यांनी कर्नलचे तयार मदतनीस वापरले होते त्यांच्या ड्रायव्हरला यातलं काहीच जाणवलं नाही.

कोअर चालू-बंद करण्याकडे परत येऊ. चालू करताना कर्नल तीन गोष्टी देतो: कोणता कोअर, त्याने कुठून सुरुवात करायची तो भौतिक पत्ता, आणि एक खुणेचा आकडा. नवा कोअर जागा होतो तेव्हा त्याचं एमएमयू बंद असतं, म्हणून पत्ता भौतिकच हवा. त्या कोअरला वाचायची असलेली माहिती कॅशमध्ये अडकून न राहता मेमरीत उतरलेली असावी लागते. बंद करणं जास्त नाजूक. तो कॉल यशस्वी झाला तर परत येतच नाही, मग कोअर खरंच गेला हे कळणार कसं? दुसरा एखादा कोअर फर्मवेअरला त्याची अवस्था विचारत राहतो. लिनक्स सुमारे १०० मिलिसेकंद वाट पाहतं आणि मगच तक्रार करतं. ही तपासणी अनावश्यक समजून गाळली तर मरत असलेला कोअर मेला असं जाहीर होतं, आणि पुढे केएक्सेकसारख्या वेळी त्याची फार मोठी किंमत द्यावी लागते.

मेमरी हा सगळ्यात जास्त काळजीचा भाग आहे आणि नवखे लोक नेमके तिथेच निष्काळजी राहतात. फर्मवेअरने स्वतःसाठी ठेवलेली मेमरी डिव्हाइस ट्रीमध्ये राखीव दाखवावी, आणि शिवाय ती मॅपच करू नये अशी खूणही तिथे लावावी. नुसतं राखीव म्हटलं तर कर्नल ती कुणाला वाटत नाही, पण आपल्या सलग नकाशात ठेवतो. प्रोसेसर अंदाजाने पुढचं वाचतो तेव्हा तो चुकून तिथे हात घालू शकतो. मग कुठल्याच ओळीशी न जुळणारा बस एरर येतो, आज येतो आणि उद्या येत नाही. असे बग शोधताना माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागतो. खूण लावायला एक ओळ पुरते.

दोन्ही जगांत वाटून घेतलेल्या मेमरीचं शास्त्र वेगळं. ऑप-टीला आपण एक बफर देतो: त्यात प्रश्न, त्यातच उत्तर. लक्षात ठेवा, आपण वाचत असताना पलीकडचा ते बदलू शकतो, आणि तो वाचत असताना आपणही. म्हणून आकार, पत्ता, संख्या यांसारखी गोष्ट बफरमधून एकदाच वाचायची, स्वतःजवळ उतरवून घ्यायची, त्या प्रतीची तपासणी करायची आणि पुढे प्रतच वापरायची. तपासलं एक आणि वापरलं दुसरं, असं झालं की भोक पडलं. बफरचं आयुष्यही तितकंच महत्त्वाचं. २०२१च्या अखेरीस लिनक्सच्या टी उपप्रणालीत, म्हणजे ट्रस्टेड ओएसशी बोलणाऱ्या भागात, नेमका असा दोष सापडला, सीव्हीई-२०२१-४४७३३. एक धागा बफर मोकळा करत असताना दुसरा त्याच क्रमांकाने तो मागू शकत होता, आणि हातात मोकळी झालेली मेमरी येत होती. क्रमांकावरून वस्तू शोधणं आणि तिची संदर्भसंख्या वाढवणं ही दोन कामं एकाच कुलपाखाली नसली की हेच होतं. आपल्या ड्रायव्हरमध्ये असा क्रमांकांचा तक्ता असेल तर आजच उघडून पाहा.

केएक्सेक करणारे लोक आणखी एक गोष्ट विसरतात. जुन्या कर्नलने सिक्युअर वर्ल्डकडे नोंदवलेली मेमरी निघताना परत मागून घेतली पाहिजे. नाहीतर नव्या कर्नलला पलीकडून अशा बफरचा उल्लेख मिळतो जो त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

वेळेचं भान झटपट कॉल आणि थांबू शकणारा कॉल या फरकातून येतं. झटपट कॉल चालू असताना, बोलावणाऱ्याच्या दृष्टीने, दुसरं काहीच घडत नाही. इंटरप्ट ताटकळतात. फर्मवेअर त्यात मिलिसेकंद घालवत असेल तर ऑडिओ तुटतो, आणि रिअल-टाइम कर्नलवर सगळं वेळापत्रक मोडतं, आणि कर्नलला त्यात काही करता येत नाही. म्हणून लांबणारं काम, उदाहरणार्थ सही करणं किंवा साठवणीत लिहिणं, थांबू शकणाऱ्या कॉलमध्ये असायला हवं. ऑप-टी तसंच करतं. मधेच इंटरप्ट आला तर ताबा नॉर्मल वर्ल्डकडे परत येतो, कर्नल तो हाताळतो आणि कॉल पुढे चालू करतो. याचा अर्थ तुमच्या कोडमध्ये एका कॉलच्या जागी एक फेरा असतो, आणि त्या फेऱ्यात पलीकडूनही विनंत्या येतात: मेमरी दे, फाइल वाच. पलीकडचे सगळे धागे गुंतलेले असतील तर रांगेत थांबावंही लागतं.

फाइलची विनंती टी-सप्लिकंट या यूजरस्पेसमधल्या प्रोग्रामकडे जाते, आणि इथे एक मोठा खड्डा आहे. बूटच्या सुरुवातीलाच एखाद्या कर्नल ड्रायव्हरने सिक्युअर साठवण मागितली आणि सप्लिकंट अजून सुरूच झालेला नाही, तर तो ड्रायव्हर वाट पाहत बसतो. ईएमएमसीवरच्या आरपीएमबी या संरक्षित भागासाठी ही अडचण बरीच वर्षं होती. २०२४मध्ये लिनक्स ६.१२ मध्ये आरपीएमबीची स्वतंत्र उपप्रणाली आली आणि ऑप-टीच्या त्या विनंत्या कर्नलमध्येच पूर्ण होण्याची वाट मोकळी झाली. तुमची सेवा कोणत्या टप्प्यावर कुणावर अवलंबून आहे याचं चित्र आधी काढलंत तर असे खड्डे कागदावरच दिसतात.

आता चिप कंपन्यांत काम करणाऱ्या वाचकांसाठी थोडं. पुण्यात आणि बंगळुरूत असे पुष्कळजण आहेत. चिपमालकाला स्वतःचे क्रमांक वापरायची मुभा आहे, आणि ती फार पटकन वापरली जाते. घड्याळाचा वेग बदलायचा, सेन्सर वाचायचा, की झाला एक नवा कॉल तयार. त्याऐवजी एससीएमआय पाहा. वेग, वीज, तापमान यांसाठी तो प्रमाण करार आहे, आणि एसएमसीवरून तो चालवण्याची सोय लिनक्समध्ये २०२०पासून आहे. ड्रायव्हर लिहून तयार आहे, तुम्हाला फक्त फर्मवेअरची बाजू करायची. नवा कॉल टाळताच येत नसेल तर त्या गटाची आवृत्ती सांगणारा कॉल पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि 'हा पत्ता, ही संख्या, तिथे लिही' अशा स्वरूपाचा कॉल कधीच देऊ नका. तो सोयीचा वाटतो, पण त्याने ईएल३ चं दार कर्नलमधल्या प्रत्येक बगसाठी उघडं पडतं. कर्नलवर फर्मवेअरने विश्वास ठेवायचा नसतो, यात अपमान वाटून घेण्याचं कारण नाही. संपूर्ण रचना त्यासाठीच आहे.

आरआयएससी-फाइव्हवर काम करणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तिथे ईकॉल ही सूचना आहे, एसबीआय हा करार आहे, आणि त्याच्या मूळ भागातच 'हा विस्तार तुझ्याकडे आहे का' हा प्रश्न बसवलेला आहे. तपशील वेगळे, शिस्त तीच.

चाचणीसाठी महागडा बोर्ड लागत नाही. क्यूईएमयूच्या आर्म व्हर्ट मशीनला सिक्युअर पर्याय चालू करता येतो. त्यावर ट्रस्टेड फर्मवेअर-ए, ऑप-टी आणि आपला कर्नल अशी पूर्ण रचना लॅपटॉपवर उभी राहते. ऑप-टीचा एक्सटेस्ट हा चाचणीसंचही त्यावर चालतो. पण तेवढ्यावर थांबू नका. सिक्युअर पर्याय बंद करून तोच कर्नल बूट करा: सेवा नाही म्हटल्यावर ड्रायव्हर नीट माघार घेतो का? केव्हीएमच्या पाहुण्या मशीनमध्ये चालवा, जिथे वाट एचव्हीसीची आहे. फर्मवेअरच्या कोडमध्ये मुद्दाम प्रत्येक चुकीचा आकडा परत द्यायला लावा आणि पाहा. ट्रस्टेड फर्मवेअर-ए मुक्त आहे, त्यात दोन ओळी बदलून पुन्हा बांधायला फार वेळ लागत नाही. सेवा हजर असताना तर सगळ्यांचाच कोड चालतो.

पॅच पाठवताना वर्णनात तीन गोष्टी लिहा: कोणत्या फर्मवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर तपासलं, सेवा नसलेल्या जुन्या फर्मवेअरवर काय होतं, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये नवं काही लागत असेल तर त्याचा बाइंडिंग दस्तऐवज कोणत्या पॅचमध्ये आहे. आणि सेवा सापडल्यावर तिची आवृत्ती बूट लॉगमध्ये एका ओळीत छापा. पाच वर्षांनी दूर कुठेतरी बंद पडलेल्या बोर्डाचा लॉग कुणीतरी ईमेलमध्ये चिकटवेल, तेव्हा ती ओळ शोधणारे बहुधा तुम्हीच असाल.